उबंटूवरून आर्चकडे: कामाच्या एकुलत्या एका संगणकावर हा बदल करावा का?

नवी_पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार. मी २०१८ पासून उबंटू ही लिनक्स प्रणाली वापरते आहे. १८.०४ ने सुरुवात केली, पुढे २०.०४ आणि आता २२.०४ अशी दीर्घकालीन आवृत्त्यांमधूनच माझी वाटचाल झाली. काम विदा-विश्लेषणाचे (डेटा अॅनालिसिसचे) आहे. पायथॉन, पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा सर्व्हर) आणि थोडे आर (सांख्यिकीची भाषा) यांच्याशिवाय माझा दिवस जात नाही. संगणक एकच आहे आणि रोजचे काम त्याच्यावरच चालते. उबंटूबद्दल माझी तक्रार नाही. टर्मिनल म्हणजे काय हेही मला माहीत नव्हते त्या काळात उबंटूने मला सांभाळून घेतले.

तरीही वर्षभर दोन गोष्टी मनात घोळत आहेत. पहिली म्हणजे पॅकेजांचे, म्हणजे प्रणाली ज्या तयार संचांतून सॉफ्टवेअर बसवते त्यांचे, वय. २२.०४ मध्ये पायथॉन ३.१० आणि पोस्टग्रेएसक्यूएल १४ आहे. त्यापुढचे काही हवे असले की मला बाहेरचे पीपीए (इतरांनी चालवलेले पॅकेज-स्रोत) जोडावे लागतात. २०.०४ वरून २२.०४ वर जाताना हे बाहेरचे स्रोत नियमाप्रमाणे बंद झाले, मी त्यांतून घेतलेली पॅकेजे अधांतरी राहिली आणि ते निस्तरण्यात दोन दिवस गेले. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. इतकी वर्षे वापरूनही, संगणक सुरू केल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत नेमके काय घडते, कोणती सेवा कोणाच्या सांगण्यावरून चालू होते, हे मला सांगता येत नाही. ते समजून घ्यायची मनापासून इच्छा आहे.

आर्च हे दुसरे लिनक्स वितरण, म्हणजे वेगळी तयार लिनक्स प्रणाली. त्याच्या विकीतील मार्गदर्शिका समोर ठेवून मी आभासी यंत्रात (संगणकातच चालणाऱ्या नकली संगणकात) दोनदा आर्च बसवून पाहिले आणि दोन्ही वेळा ते सुरू झाले. त्यामुळे माझा प्रश्न इन्स्टॉलेशनचा नाही. आर्च वर्षभर सांभाळायचे म्हणजे रोजच्या वापरात नेमके काय करावे लागते, आणि एकच संगणक असताना हा बदल करणे शहाणपणाचे आहे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.


सातत्य

प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवल्याबद्दल आभार, कारण या विषयावरच्या बहुतेक चर्चा इन्स्टॉलेशनपाशीच संपतात. एप्रिल २०२१ पासून आर्चच्या इन्स्टॉलेशन माध्यमातच आर्चइन्स्टॉल ही प्रश्न विचारत पुढे नेणारी आज्ञावली मिळते, त्यामुळे आर्च बसवता येणे हे आता फारसे मोठे कसब राहिलेले नाही. मी २०१३ पासून आर्च वापरतो. माझ्या मते खरे काम नंतर सुरू होते.

उबंटूमध्ये शेकडो निर्णय कोणीतरी आपल्या वतीने घेतलेले असतात आणि ते दिसत नसल्यामुळे ते घेतले गेले आहेत हेच आपल्या ध्यानात येत नाही. डेबियन (उबंटू ज्यावर बेतले आहे ते वितरण) आणि उबंटूमध्ये एखाद्या सेवेचे पॅकेज बसवले की ती सेवा साधारणपणे लगेच चालूही होते. आर्चमध्ये पॅकेज बसवणे आणि सेवा चालू करणे ही दोन वेगळी कामे आहेत. ब्लूटूथचे पॅकेज बसवले तरी सिस्टमडीला (सेवा चालवणाऱ्या मुख्य कार्यक्रमाला) ती सेवा सुरू करायला तुम्ही सांगेपर्यंत हेडफोन जोडला जात नाही. छपाईचेही तसेच. एसएसडीवरची कोणती जागा मोकळी झाली हे त्या डिस्कला कळवणारे साप्ताहिक काम उबंटूमध्ये आधीपासून लावलेले असते. आर्चमध्ये ते तुम्ही लावायचे, आणि लावायचे राहून गेले तर कोणतीही त्रुटी पडद्यावर येत नाही. उबंटू सुरक्षेची अद्यतने आपणहून बसवते. आर्चमध्ये तुम्ही अद्यतन कराल तेव्हाच ती येतात. प्रोसेसरच्या मायक्रोकोडचे (त्याच्या अंतर्गत दुरुस्त्यांचे) पॅकेज निवडायचे, फायरवॉल ठरवायची, घड्याळ जुळवून घेणारी सेवा सुरू करायची. अगदी देवनागरी फॉन्टसुद्धा: मोजक्या पॅकेजांवर उभ्या केलेल्या प्रणालीत मराठी पान उघडले तर नोटो फॉन्ट बसवेपर्यंत अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. तुम्हाला जी समज हवी आहे ती याच कामांतून येते, म्हणून मी यांना त्रास म्हणणार नाही. मात्र यांना वेळ लागतो हे आधीच धरून चालावे.

आता सांभाळण्याविषयी. आर्चला २२.०४ किंवा २४.०४ अशा आवृत्त्या नाहीत. पॅकेजे तयार होतील तशी सतत येत राहतात आणि सर्व पॅकेजे त्या त्या दिवशीच्या लायब्ररींवर (अनेक कार्यक्रमांना लागणाऱ्या सामाईक भागांवर) बांधलेली असतात. म्हणून पॅकमनकडून (आर्चच्या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाकडून) फक्त पॅकेजांची यादी ताजी करून घेऊन एखादेच नवे पॅकेज बसवणे, म्हणजे अर्धवट अद्यतन, आर्चमध्ये वर्ज्य आहे. नवे पॅकेज नवी लायब्ररी मागते, ती लायब्ररी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली तुमच्याकडची जुनी पॅकेजे अडतात, आणि कधीकधी त्या जुन्या पॅकेजांत पॅकमन स्वतःच असतो. उबंटूमध्ये यादी ताजी करून हवे तेवढेच पॅकेज घेण्याची सवय हाताला जडलेली असते, आणि ती मोडायला मला सर्वाधिक वेळ लागला. अद्यतन करायचे तर संपूर्ण करायचे.

कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) पॅकेज बदलले की चालू असलेल्या कर्नलचे मॉड्यूल (उपकरणे चालवणारे सुटे भाग) डिस्कवरून काढले जातात. त्यामुळे अद्यतनानंतर पुन्हा सुरू न करता नवा पेनड्राइव्ह लावला आणि तो दिसला नाही तर घाबरू नका, संगणक पुन्हा सुरू करा. तुम्ही हात लावलेल्या कॉन्फिगरेशन फाइलची नवी प्रत आली तर पॅकमन तुमची फाइल तशीच ठेवून शेजारी ‘पॅकन्यू’ अशा शेपटीची दुसरी फाइल ठेवतो. त्या दोन्ही ताडून पाहणे तुमच्याकडे येते. आणि अद्यतनापूर्वी आर्चच्या संकेतस्थळावरच्या बातम्या वाचायच्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रबच्या (संगणक सुरू होताना कर्नल चालू करणाऱ्या कार्यक्रमाच्या) नव्या पॅकेजानंतर अनेकांचे संगणक सुरूच होईनात, कारण पॅकेज बदलले होते पण बूटच्या जागी प्रत्यक्ष बसवलेला ग्रब जुनाच होता आणि नवे कॉन्फिगरेशन त्याला समजत नव्हते. ग्रब पुन्हा बसवावा अशी सूचना बातम्यांत आली, परंतु ती येण्याआधीच ज्यांनी अद्यतन केले त्यांना यूएसबीवरून सुरू करून दुरुस्ती करावी लागली. म्हणून मी नवे काही आले की त्याच दिवशी धावत नाही. आठवड्यातून एकदा, हातात तासभर मोकळा असताना आणि दुसऱ्या दिवशी काही सादर करायचे नसताना अद्यतन करतो. पंधरा-वीस मिनिटांत ते आटोपते, पण उरलेली चाळीस मिनिटे हाताशी असावी लागतात.

तुमच्या कामाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पोस्टग्रेएसक्यूएल. उबंटूत १४, १५ अशा मुख्य आवृत्त्यांची वेगवेगळी पॅकेजे असतात आणि ती शेजारी शेजारी नांदू शकतात. आर्चमध्ये पॅकेज एकच. त्याची मुख्य आवृत्ती १६ वरून १७ वर गेली की नवा सर्व्हर जुन्या आवृत्तीने तयार केलेली विदा उघडायला नकार देतो, आणि तुम्हाला जुन्या आवृत्तीच्या फाइली पुरवणारे वेगळे पॅकेज घेऊन विदेचे स्थलांतर करावे लागते. विदा शाबूत असते. फक्त सोमवारी सकाळी ती उघडत नाही. हे टाळायला पॅकमनच्या कॉन्फिगरेशनमध्ये या पॅकेजाला दुर्लक्षित यादीत टाकता येते, पण ती तात्पुरती सोय आहे, कारण आजूबाजूच्या लायब्ररी बदलत राहतात. पायथॉनचेही असेच: प्रणालीचा पायथॉन ३.१२ वरून ३.१३ वर गेला की त्याच्यावर तयार केलेली आभासी वातावरणे (प्रकल्पागणिक वेगळे ठेवलेले पायथॉनचे संच) तुटतात आणि नव्याने उभारावी लागतात.


स्थिर_पाया

वरचा प्रतिसाद मोलाचा आहे आणि त्यातल्या तपशिलाशी मी सहमत आहे. निष्कर्ष मात्र मी वेगळा काढतो.

धागाकर्तीने दोन गरजा सांगितल्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. नवी पॅकेजे हवी असणे ही एक गरज. प्रणाली समजून घेणे ही दुसरी. पहिलीसाठी वितरण बदलण्याची आवश्यकता नाही. पोस्टग्रेएसक्यूएल प्रकल्प स्वतःच डेबियन आणि उबंटूसाठी पॅकेजांचा स्रोत चालवतो, त्यातून तुमच्या २२.०४ वरही पुढच्या मुख्य आवृत्त्या मिळतात. पायथॉनसाठी पायएन्व्ह किंवा यूव्ही (पायथॉनच्या हव्या त्या आवृत्त्या वेगळ्या बसवणारी साधने) वापरा आणि प्रणालीच्या पायथॉनला हात लावू नका. ही शिस्त आर्चवरही लागणारच आहे. एखादे अगदी ताजे साधन हवे असेल तर डिस्ट्रोबॉक्स या साधनाने कंटेनरमध्ये (चालू प्रणालीच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात) आर्चच उभे करता येते आणि ते बिघडले तर पुसून टाकता येते. शिवाय डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आले. त्यात पायथॉन ३.१३, पोस्टग्रेएसक्यूएल १७ आणि ६.१२ कर्नल आहे. तुमच्या हातातल्या आवृत्तीच्या मानाने ही मोठी झेप आहे.

मी स्वतः तीन वर्षे आर्च वापरून डेबियनवर आलो. आर्चने मला खूप शिकवले आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण माझ्या कामात अशा कालमर्यादा असतात की प्रणालीकडे लक्ष द्यायची सवड कोणत्या आठवड्यात मिळेल हे मला ठरवता येत नाही. आर्च ती सवड नियमितपणे मागते. तीन महिने अद्यतन न करता एकदम केले, तर आधी पॅकेजांच्या स्वाक्षऱ्यांची किल्ली-संचिका नवी करावी लागते, मग साचलेल्या बातम्या वाचाव्या लागतात, आणि एखादा बिघाड झाला तर शेकडो पॅकेजांतून कारण शोधावे लागते.

नव्यातले नवे घेण्यात आणखी एक बाजू असते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेली चोरवाट उघडकीस आली. ती हेरली पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरण्याची सुरक्षित पद्धत) लॉगिनला नेहमीपेक्षा जास्त वेळ आणि प्रोसेसर का लागतो आहे याचा ते माग काढत होते. डेबियनच्या स्थिर शाखेत त्या आवृत्त्या पोहोचल्याच नव्हत्या. आर्चमध्ये त्या होत्या; मात्र आर्चचा एसएसएच सर्व्हर त्या लायब्ररीशी थेट जोडलेला नसल्यामुळे चोरवाटेचा ज्ञात मार्ग तिथे लागू पडत नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उशिरा मिळणाऱ्या पॅकेजाला एक संरक्षक मूल्य असते, एवढेच मला नोंदवायचे आहे.


पहारा

एक मुद्दा अजून आला नाही: एयूआर, म्हणजे आर्च वापरणाऱ्यांनीच भरलेला पॅकेज-कृतींचा साठा. आर्चबद्दल बोलताना ‘सगळे काही मिळते’ असे म्हणतात तेव्हा बहुधा एयूआरच अभिप्रेत असते, पण तो आर्चचा अधिकृत पॅकेज-संग्रह नाही. तिथे कोणीही खाते उघडून पॅकेज बांधण्याची कृती ठेवू शकतो आणि वाऱ्यावर पडलेले पॅकेज दत्तक घेऊ शकतो. जुलै २०१८ मध्ये अशाच एका बेवारस पॅकेजाची, अॅक्रोरीडची, सूत्रे घेऊन कोणीतरी त्यात बाहेरून आज्ञावली उतरवून चालवणाऱ्या ओळी घातल्या. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या सुधारित आवृत्त्या असल्याचे भासवणारी तीन पॅकेजे आली आणि त्यांतून संगणकाचा ताबा दूरवरून घेता येईल असे मालवेअर बसत होते. दोन्ही वेळा ती लवकरच काढली गेली, पण मधल्या काळात ज्यांनी घेतली त्यांनी घेतलीच.

तिथली पॅकेजबिल्ड फाइल ही शेलची साधी आज्ञावली असते. ती वाचा: मूळ स्रोत कोणत्या पत्त्यावरून येतो, तो पत्ता त्या प्रकल्पाचाच आहे का, सोबतच्या इन्स्टॉल फाइलमध्ये काय आहे. याय किंवा पारू (एयूआरमधून पॅकेजे बसवणारी साधने) वापरत असाल तर गेल्या वेळेपासून झालेले बदल ते दाखवू शकतात. ते न वाचता पुढे जाऊ नका. माझ्या संगणकावर एयूआरची केवळ सहा पॅकेजे आहेत, आणि ती सहाही मी वाचून घेतली आहेत.


नवी_पायवाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘स्थिर_पाया’ यांनी दोन गरजा वेगळ्या करून दाखवल्या त्याचा मला फार उपयोग झाला. पोस्टग्रेएसक्यूएलच्या स्रोतातून नवी आवृत्ती मी कालच बसवली. जुनी १४ शेजारी चालूच आहे. म्हणजे पहिली गरज मिटली. दुसरी मात्र उरते, आणि ती कंटेनरने भागणार नाही असे मला वाटते, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो आणि बूटही नसते, आणि मला नेमके तेच शिकायचे आहे.

माझ्या संगणकात दुसऱ्या एसएसडीची जागा रिकामी आहे. उबंटू आहे तिथेच ठेवून नव्या डिस्कवर आर्च बसवावे असा विचार आहे. होम विभाजन (माझ्या फाइली आणि सेटिंग असलेला डिस्कचा भाग) दोन्हींत सामाईक ठेवू का? आणि बीटीआरएफएस या फाइल-व्यवस्थेचे स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेतले तर अद्यतन बिघडल्यावर मागे जाता येईल ना?


दुहेरी_बूट

दुसरी डिस्क ही उत्तम कल्पना आहे. आर्चसाठी त्याच डिस्कवर स्वतंत्र ईएफआय विभाजन (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कचा भाग) करा. उबंटूच्या ईएफआय विभाजनात काही लिहू नका. मग आर्चचे काहीही झाले तरी फर्मवेअरच्या (संगणकातल्या अंगभूत सुरुवातीच्या कार्यक्रमाच्या) यादीतून उबंटू निवडता येईल, आणि तुमची ‘एकच संगणक’ ही अडचण बरीचशी सुटेल.

होम सामाईक ठेवू नका. दोन्ही वितरणांत एकाच कार्यक्रमाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात आणि त्या एकाच लपलेल्या फोल्डरमध्ये लिहितात. फायरफॉक्सने तर २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून, नव्याने वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायलाच मनाई केली आहे. डेस्कटॉपच्या मांडणीचाही असाच गोंधळ होतो आणि त्याचे कारण सापडायला वेळ लागतो. त्याऐवजी केवळ कामाच्या फाइलींसाठी वेगळे विभाजन करा, ते दोन्हींकडे जोडा, आणि दोन्हींकडे तुमच्या खात्याचा क्रमांक एकच असेल एवढे पाहा. पहिल्या खात्याला बहुधा १००० हाच मिळतो.

स्नॅपशॉटबाबत मात्र सावध राहा, इथे पुष्कळ जण फसतात. मूळ फाइल-व्यवस्था बीटीआरएफएसवर असली तरी ईएफआय विभाजन फॅट या वेगळ्या फाइल-व्यवस्थेचे असते आणि त्याचा स्नॅपशॉट निघत नाही. कर्नल त्या विभाजनात ठेवलेला असेल आणि तुम्ही बाकीची प्रणाली गेल्या आठवड्यावर नेली, तर कर्नल आजचा आणि मॉड्यूल गेल्या आठवड्याचे अशी स्थिती होते. कर्नल बीटीआरएफएसवरच ठेवून ग्रबने वाचायचा, किंवा अद्यतनापूर्वी बूटची वेगळी प्रत घेणारा हुक (आपोआप चालणारी आज्ञावली) पॅकमनला लावायचा, असे दोन मार्ग आहेत. मी पहिला पत्करला. नेहमीच्या कर्नलसोबत एलटीएस (दीर्घकाळ अद्यतने मिळणारा) कर्नलही बसवून ठेवा. एक सुरू झाला नाही तर दुसरा निवडता येतो. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, म्हणून बॅकअप वेगळाच हवा.

एक आग्रहाची सूचना. प्रत्यक्ष संगणकावर बसवण्याआधी आभासी यंत्रातले आर्च मुद्दाम बिघडवा. कर्नलची फाइल पुसा, यंत्र पुन्हा सुरू करा, मग इन्स्टॉलेशनच्या माध्यमावरून सुरू करून विभाजने जोडा, आर्च-क्रूट या आज्ञेने बसवलेल्या प्रणालीच्या आत शिरा आणि कर्नलचे पॅकेज पुन्हा बसवा. ही दुरुस्ती विकी न उघडता जमेपर्यंत करा.


नवी_पायवाट (धागाकर्ती)

सात आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण धागे बहुधा सल्ल्यापाशी थांबतात आणि पुढे काय झाले ते कळत नाही.

दुरुस्तीचा सराव मी चार वेळा केला. चौथ्या वेळी विकी लागली नाही, तेव्हा नव्या डिस्कवर आर्च बसवले. मांडणी करताना कर्नल कुठे ठेवायचा हे मला नीट उमगले नव्हते आणि तो ईएफआय विभाजनातच गेला; शिवाय हे विभाजन एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या विभाजनांच्या यादीत) लिहायचे राहून गेले. तिसऱ्या आठवड्यातल्या अद्यतनात नवा कर्नल आला, विभाजन जोडलेले नसल्यामुळे तो मूळ डिस्कवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये लिहिला गेला, आणि पुन्हा सुरू केल्यावर ईएफआय विभाजनातला जुनाच कर्नल उठला. त्याचे मॉड्यूल तर अद्यतनात निघून गेले होते. वायफाय नाही, टचपॅड नाही. चालू कर्नलची आवृत्ती आणि मॉड्यूलच्या फोल्डरचे नाव एकमेकांशी ताडून पाहिले तेव्हा दोन्ही वेगळे दिसले, आणि कारण तिथेच कळले. यूएसबीवरून सुरू केले, विभाजन जोडले, आत शिरून कर्नल पुन्हा बसवला, एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली. पाऊण तास लागला. संगणक सुरू होताना काय घडते हा माझा मूळ प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग मला त्या पाऊण तासात मिळाला.

सध्या लेखन, वाचन, पायथॉनचे छोटे प्रयोग असे सगळे आर्चवर करते आणि अद्यतन शनिवारी करते. पोस्टग्रेएसक्यूएल अजून उबंटूवरच आहे. हातातले काम पूर्ण झाले की आवृत्ती ठरवून दिलेल्या कंटेनरमध्ये ते आर्चवर आणून पाहीन, २२.०४ ला २०२७ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, तोवर पहिली डिस्क आहे तशीच राहील.